पाठीच्या कण्याचा लिम्फोमा

लसीकापेशींचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. तो सहसा मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या किंवा पोटातल्या लसीकाग्रंथींत सुरू होतो. क्वचित मात्र त्याची पहिली आणि एकमेव जागा पाठीच्या कण्यात असते: मणक्याच्या हाडात, मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत, किंवा अगदीच विरळा, खुद्द मज्जारज्जूत. शोध घेऊनही शरीरात दुसरीकडे कुठे हा आजार सापडला नाही, तर त्याला कण्याचा प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. एकूण लिम्फोमांत त्याचा वाटा फार तर तीनेक टक्क्यांचा. आकड्यांत तो लहान असला तरी त्यातून येणारे अपंगत्व लहान नाही. वेळेवर ओळखला तर पाय लुळे पडलेला माणूस पुन्हा चालू लागतो, आणि कण्यातल्या कर्करोगांपैकी फार थोड्यांबद्दल असे म्हणता येते. ओळखायला उशीर झाला तर गाठ विरघळते, कर्करोग बराही होतो, पण माणूस चाकाच्या खुर्चीत राहतो. म्हणून या आजारात औषधांइतकेच, किंबहुना काकणभर जास्त महत्त्व निदानाच्या क्रमाला आहे.

कण्याची रचना ध्यानात घेतली की आजाराची चाल समजते. ३३ मणक्यांच्या या साखळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या मणक्याच्या खालच्या कडेपाशी संपतो, पुढे फक्त नसांचा झुबका असतो. मज्जारज्जूवर ड्युरा नावाचे जाड आवरण असते आणि हे आवरण व हाड यांच्यामधल्या अरुंद फटीत चरबी आणि झडपा नसलेल्या शिरांचे जाळे असते. हीच एपिड्युरल पोकळी. कण्यातले बहुतेक लिम्फोमा इथेच वाढतात. त्यांचा उगम कुठला, यावर एकमत नाही. काहींच्या मते या फटीत मुळातच थोड्या लसीकापेशी असतात. काहींच्या मते गाठ मणक्यातल्या अस्थिमज्जेतून बाहेर पडते. कधी ती कण्याशेजारच्या ऊतींतून, नस जिथून बाहेर येते त्या छिद्रातून आत सरकते. छातीच्या पातळीवरच्या १२ मणक्यांत हा आजार सर्वांत जास्त आढळतो आणि नेमकी तिथेच मज्जारज्जूभोवती जागा सर्वांत कमी, रक्तपुरवठाही बेताचा. कमरेतली गाठ कित्येक महिने नुसती दुखत राहील. तेवढीच गाठ छातीमागच्या पाठीत असेल तर पायांची ताकद जाते.

रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा असतो, पुरुषांचे प्रमाण जास्त. आधी पाठ दुखते, कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने. हे दुखणे पडून राहिल्याने उतरत नाही, रात्री झोपमोड करते आणि रुग्णाला पाठीच्या मधोमध बोट ठेवून ते दाखवता येते. काहींना छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मग पायांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटते ते कळत नाही, जिना उतरताना गुडघे दगा देतात. शेवटी लघवी तुंबते. दुखण्याचा पहिला टप्पा जितका लांब, तितका हा दुसरा टप्पा आखूड: कधी दोन-तीन दिवसांत चालता माणूस अंथरुणाला खिळतो. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लिम्फोमाची पुस्तकी लक्षणे आजार कण्यापुरता असताना बहुधा नसतात. त्यांची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे.

कोल्हापूर जिल्ह्यात पाठदुखी घरोघरी आहे. उसाच्या फडात, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाची पाठ धरली तर कुणी दचकत नाही, आणि दचकूही नये. साधी पाठदुखी बहुतेकांची आपोआप बरी होते. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे ऐकून मलम, पट्टा आणि गोळ्यांवर निभावलेली हजारो माणसे आहेत. प्रत्येक पाठदुखीला एमआरआय काढणे शहाणपणाचे नाही. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, छातीच्या पातळीवरची, रात्री वाढणारी आणि सहा आठवड्यांत न हटलेली पाठदुखी वेगळी समजायला हवी. पायांची ताकद कमी झाली असेल, तर तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. रबरी हातोडा, एक टाचणी आणि कापसाचा बोळा पुरतो. टाचणी पायापासून हळूहळू वर नेली की एका ओळीवर रुग्ण म्हणतो, ‘आता टोचतंय.’ ती ओळ बेंबीवर असेल तर छातीच्या दहाव्या नसेच्या आसपास शोधायचे, स्तनाग्रांच्या पातळीवर असेल तर चौथ्या. गुडघ्यावर हातोडा मारल्यावर पाय जोरात उडाला, तळव्यावर किल्ली ओढल्यावर अंगठा वर वळला, तर दाब मज्जारज्जूवर आहे, कमरेच्या नसांवर नाही. हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण इथेच एक मोठी चूक होते. रुग्ण ‘कंबर दुखते, पाय चालत नाहीत’ म्हणतो, एमआरआय फक्त कमरेचा काढला जातो, त्यात वयोमानाने सरकलेली एखादी चकती दिसते आणि सर्वांचे समाधान होते. गाठ वरच्या अंगाला, चित्राच्या चौकटीबाहेर राहून जाते. म्हणून पाय लटपटणाऱ्या माणसाचा एमआरआय संपूर्ण कण्याचा हवा. लिम्फोमा एका वेळी दोन-तीन ठिकाणीही असू शकतो, त्यासाठीही हेच बरे.

मणक्यात बिघाड दिसला की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्त आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीच्या कुबडाचा आणि पाय लुळे पडण्याचा संबंध वर्णन केला. तेव्हापासून मणक्याच्या क्षयाला पॉटचे नाव आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे. कोल्हापूरच्या शेजारी मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. या भागातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांची नजर क्षय पाहण्यात तयार झाली. मणक्याचा क्षय प्रत्येक वेळी कापावा लागत नाही, बहुतेकांना औषधांनीच गुण येतो, हा बनारसचे अस्थिरोगतज्ज्ञ एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मध्यम मार्ग’ भारतभर रुजला आणि त्याने असंख्य अनावश्यक शस्त्रक्रिया टळल्या. त्याचा एक नको असलेला परिणामही झाला. शस्त्रक्रिया टळली की तुकडाही हाती येईनासा झाला. ‘क्षयच दिसतोय, एकेटी चालू करून बघू’ असे म्हणून निव्वळ चित्रावरून एकेटी, म्हणजे क्षयाची १२ महिन्यांची औषधे, सुरू करण्याची सवय पडली. क्षय असणाऱ्या दहा जणांत ही सवय खपून जाते. अकरावा लिम्फोमाचा असतो, आणि त्याच्या बाबतीत ती अंगाशी येते.

चित्रांत फरक असतो, तो शिकण्यासारखा आहे. क्षय चकतीशेजारी सुरू होतो, दोन लगतचे मणके आणि मधली चकती खातो, शेजारी पुवाचे गळू करतो. लिम्फोमा चकतीला सहसा हात लावत नाही. तो मणक्याच्या हाडाच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या छिद्रांतून बाहेर झिरपतो. त्यामुळे हाडाचा बाह्य आकार शाबूत दिसतो, साधा एक्स-रे तर कित्येकदा निर्दोष असतो, आणि बाहेर मात्र मांसल गाठ असते. एपिड्युरल लिम्फोमा लांबट वाढतो. तो तीन-चार मणक्यांची उंची व्यापतो आणि उसाच्या कांड्याला पाचट लपेटून असावे तसा ड्युराभोवती चढतो. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात त्याचा रंग मज्जारज्जूसारखाच असतो. रंगद्रव्य शिरेतून दिले की तो सगळीकडून सारखा उजळतो, क्षयाचे गळू फक्त कडेने उजळते. इतके असूनही चित्रावर शिक्कामोर्तब करता येत नाही. मल्टिपल मायलोमा, दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग, मेनिंजिओमा, जंतुसंसर्गाचे गळू यांची चित्रे एकमेकांत मिसळतात. चकती शाबूत ठेवणारा क्षयही असतो, आणि एचआयव्हीबाधित रुग्णाला क्षय आणि लिम्फोमा या दोहोंचा धोका वाढलेला असतो. कधी दोन्ही एकाच माणसात सापडतात.

या सगळ्यात स्टिरॉइडचा मुद्दा सर्वांत कळीचा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लसीकापेशींना थेट मारते. इतर बहुतेक गाठींत त्याने फक्त सूज उतरते, लिम्फोमात खुद्द गाठच ओसरते. पाठ दुखते म्हणून दिलेले ‘डेक्सा’चे इंजेक्शन, किंवा नसांवरची सूज उतरावी म्हणून एकेटीसोबत जोडलेल्या गोळ्या रुग्णाला आठ-पंधरा दिवसांत उभे करतात. घरचे सुखावतात, डॉक्टरांनाही क्षयाच्या औषधाचा गुण आला असे वाटते. स्टिरॉइड थांबले की गाठ परत येते. आणि स्टिरॉइड चालू असतानाच तुकडा काढायची वेळ आली तर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी आणि दाह एवढेच दिसते, निदान हुकते. म्हणून नियम असा की कण्यातल्या गाठीत लिम्फोमाची शक्यता असेल, तर आधी तुकडा, मग स्टिरॉइड. अपवाद एकच. पाय तासातासाला जात असतील तर थांबायचे नाही. डेक्सामेथासोन द्यायचे आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियेने दाब हलका करून तुकडाही मिळवायचा.

तुकडा मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. रुग्णाची ताकद टिकून असेल आणि गाठ मणक्यात किंवा शेजारी असेल, तर सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली जाड सुईने भूल न देता, जागा बधिर करून तुकडा घेता येतो. नुसत्या बारीक सुईने ओढलेल्या पेशी लिम्फोमाच्या निदानाला बहुधा अपुऱ्या पडतात, पेशींची मांडणी दिसावी लागते. मज्जारज्जू दबला असेल तर मणक्याची मागची कमान काढून, म्हणजे लॅमिनेक्टॉमी करून, दाबही निघतो आणि भरपूर ऊतीही मिळते. पुढचा सारा उपचार ज्यावर उभा राहतो तो क्षण मात्र टेबलावरचा आहे: तुकडा कुठल्या बाटलीत गेला. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला तर क्षयाचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. सगळा सलाइनमध्ये ठेवला तर पेशी सडतात. म्हणून दोन बाटल्या हव्यात. एक १० टक्के फॉर्मालिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी निर्जंतुक सलाइनची, क्षयाचे कल्चर आणि सीबीनॅटसाठी. सीबीनॅट सुमारे दोन तासांत क्षयाच्या जंतूचा डीएनए आणि रिफॅम्पिसिनला झालेला प्रतिकार सांगते. मणक्याच्या क्षयात जंतू थोडे असल्याने ती चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, चिमट्यात दाबल्या की चिरडून त्यांचा नुसता निळा डाग उरतो. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरले तर पुढच्या खास चाचण्या बिघडतात. मांसल भाग हाडापासून वेगळा काढून पाठवणे, हा शल्यचिकित्सकाने पॅथॉलॉजिस्टवर केलेला सर्वांत मोठा उपकार.

पॅथॉलॉजिस्टचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी साध्या रंगात पेशी पाहायच्या. नंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने पेशीच्या अंगावरच्या आणि आतल्या खुणा ओळखायच्या. सीडी २० ही खूण मिळाली तर पेशी बी प्रकारच्या, सीडी ३ मिळाली तर टी प्रकारच्या. सीडी १०, बीसीएल ६ आणि एमयूएम १ यांवरून पोटप्रकार ठरतो, की-६७ वरून पेशी किती वेगाने दुणावतात ते कळते. कण्यात सर्वाधिक सापडणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. तोच भारतातल्या लिम्फोमांतही पहिला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या के. एन. नरेश, सी. एस. सोमण आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या २,७७३ रुग्णांच्या अभ्यासात बी प्रकारचे लिम्फोमा ७९ टक्के आणि एकूणांत एकट्या डिफ्यूज लार्ज बी-सेलचा वाटा ३४ टक्के होता. कण्यात याशिवाय फॉलिक्युलर आणि मार्जिनल झोन हे संथ प्रकार आढळतात. लहान मुलांत आणि तरुणांत बर्किट लिम्फोमा असतो. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातून वर्णन केलेला हा आजार मुलाचे पाय काही दिवसांत घालवू शकतो.

कोल्हापूरच्या रुग्णांना यापुढे बहुधा मुंबईची वाट धरावी लागते, आणि नेहमी रुग्णालाच जावे लागते असे नाही. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तो आणि काचा घेऊन घरातला एखादा माणूस रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतो आणि दुसऱ्या दिवशी परळला टाटा रुग्णालयात दुसरे मत मागतो. रुग्ण इथेच खाटेवर राहतो. ब्लॉक मागून घेण्यात काही गैर नाही. तो जपून ठेवणे आणि सोबत शस्त्रक्रियेचा कागद, एमआरआयची सीडी व आधी दिलेल्या औषधांची, विशेषतः स्टिरॉइडची, तारखांसह नोंद देणे हे फार उपयोगाचे.

निदान पक्के झाले की आजार कण्यापुरताच आहे का, हे शोधायचे. संपूर्ण शरीराचा पेट-सीटी स्कॅन हे त्याचे मुख्य साधन. तो नसेल तर छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि अस्थिमज्जेची तपासणी करतात. रक्तात एलडीएचची पातळी पाहतात, कारण ती वाढलेली असणे वाईट. एचआयव्ही आणि कावीळ बी यांच्या चाचण्या केमोच्या पहिल्या सलाइनआधी व्हायलाच हव्यात, कारण केमोसोबतचे रिटुक्सिमॅब हे औषध दिल्यावर सुप्त कावीळ बी उसळून प्राणावर बेतू शकते. हृदयाचा टू-डी इको करतात. पाठीतल्या पाण्याची तपासणी गरजेनुसार. टप्पे ठरवण्याची पद्धत १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बरला ठरली, २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने ती सुधारली. ग्रंथींबाहेरची एकच जागा असेल तर तो पहिला टप्पा.

हाडातला लिम्फोमा हा स्वतंत्र आजार आहे, हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला. लसीकाग्रंथींच्या आजारावरचा थॉमस हॉजकिन यांचा निबंध १८३२ चा. हाडातल्या अशा गाठीचे वर्णन ओबरलिंग यांनी १९२८ मध्ये केले आणि पार्कर व जॅक्सन यांनी १९३९ मध्ये तिला हाडाच्या इतर कर्करोगांपासून वेगळे काढले. वेगळे काढण्याचा फायदा उपचारात झाला: ही गाठ समूळ कापण्याची गरज नसते.

कण्याच्या इतर कर्करोगांची शिकवण लिम्फोमाला जशीच्या तशी लावता येत नाही. पॅचेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्या अवयवातून आलेल्या गाठीने मज्जारज्जू दबला असेल, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळून नुसत्या किरणोपचारापेक्षा जास्त रुग्णांना चालते ठेवतात. पण त्या चाचणीतून लिम्फोमाचे रुग्ण मुद्दाम वगळले होते, कारण ते किरणांना आणि औषधांना झटकन दाद देतात. लिम्फोमात शस्त्रक्रियेची कामे मर्यादित: तुकडा मिळवणे, वेगाने दबणाऱ्या मज्जारज्जूला मोकळे करणे, आणि मणका खचून कणा डळमळीत झाला असेल तर स्क्रू-रॉडने आधार देणे. निदान आधीच हाती असेल आणि पाय पूर्ण गेले नसतील, तर औषध आणि किरणच पुरेसे होतात. गाठ मुळासकट काढण्याच्या हट्टाने रक्तस्राव आणि जखम वाढते, केमो लांबणीवर पडते.

मुख्य उपचार केमोचा. सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन या चार औषधांचा ‘चॉप’ हा संच १९७० च्या दशकापासून वापरात आहे. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड त्याला जोडले गेले आणि ‘आर-चॉप’ तयार झाले. रिटुक्सिमॅब पेशीवरच्या सीडी २० या खुणेला जाऊन चिकटते. बर्ट्रांड क्वाफिए यांच्या गटाने २००२ मध्ये ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आजार पूर्ण नाहीसा होण्याचे प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेले. २१ दिवसांच्या अंतराने सहा चक्रे, ही आजची सर्वसाधारण रीत. भारतात सुरुवातीला हे औषध सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची स्वदेशी आवृत्ती बरीच कमी किमतीत आणली, मग इतरही कंपन्या आल्या आणि आर-चॉप जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या केमोचा आणि किरणोपचाराचा समावेश आहे. योजनेची कागदपत्रे निदानाच्या आठवड्यातच लावली तर चक्रांत खंड पडत नाही, आणि खंड न पडणे हे गुण येण्याचे मोठे कारण आहे.

या संचातले व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळते, अंगणातल्या तुळशीशेजारी बारमाही फुलणाऱ्या त्याच सदाफुलीपासून. पाने चघळून मात्र लिम्फोमा बरा होत नाही. औषध पानांतून अत्यल्प प्रमाणात, शुद्ध करून काढावे लागते आणि मात्रा अचूक लागते. व्हिन्क्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. कण्याच्या रुग्णात ही लक्षणे आजार परतल्याची समजून घबराट होते, म्हणून प्रत्येक चक्राआधी पायांची नीट तपासणी करून नोंद ठेवावी. याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. लिम्फोमा मेंदूच्या आवरणात पसरू नये म्हणून काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट पाठीतल्या पाण्यात देतात. त्याच दिवशी शिरेतून द्यायचे व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीत गेले तर मृत्यू जवळपास अटळ असतो, आणि जगभर असे घडलेले आहे. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये कधीच न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. पिशवी पाठीच्या सुईला कुणी जोडत नाही. प्रत्येक केमो वॉर्डने हा एक नियम पाळला तरी पुरे.

पहिल्या चक्रात गाठ इतक्या वेगाने फुटते की पेशींतला कचरा मूत्रपिंडांवर येतो. म्हणून भरपूर सलाइन आणि युरिक ॲसिड कमी करणारी गोळी देतात. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी घटतात. त्या काळात १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेला की रात्र असो वा सण, रुग्णालय गाठायचे. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लाल होते, ते रक्त नसते.

किरणोपचार, रुग्णांच्या भाषेत ‘लाईट’, केमोनंतर गाठीच्या मूळ जागेवर देतात. मात्रा साधारण ३० ते ४० ग्रे, रोज थोडी थोडी. संथ प्रकारच्या, एकाच जागी असलेल्या लिम्फोमात कमी मात्रेचे किरण एकटेही पुरतात. बर्किटला आर-चॉप अपुरे पडते, तिथे अधिक तीव्र संच लागतो. खुद्द मज्जारज्जूतला लिम्फोमा हा मेंदूच्या लिम्फोमाचा भाऊबंद. तो आधी मज्जारज्जूचा दाह म्हणून, स्टिरॉइडला तात्पुरती दाद देत, बराच काळ फसवतो. त्याला मोठ्या मात्रेतले मेथोट्रेक्सेट लागते, आणि त्याचा शेवट इतरांइतका चांगला नसतो.

या काळात पायांची शुश्रूषा घरच्यांवर येते. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाच आणि माकडहाडाची कातडी रोज पाहणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, पहिल्या आठवड्यापासून व्यायामतज्ज्ञाकडून सांधे हलवून घेणे. पाठीला एक जखम झाली की संसर्ग होतो, पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, केमो थांबते आणि आजार डोके वर काढतो. ही साखळीही घात करते. पाय किती परत येतील हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: उपचार सुरू होताना रुग्ण चालू शकत होता का, आणि पाय जाऊन किती दिवस झाले होते. पूर्ण लुळेपणा काही दिवसांपेक्षा जुना असेल तर आशा कमी. तरीही लिम्फोमात ती इतर गाठींपेक्षा जास्त असते, म्हणून प्रयत्न सोडू नयेत.

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे दहांपैकी सुमारे सहा रुग्ण आर-चॉपने कायमचे बरे होतात. एकाच जागी असलेल्या आजारात प्रमाण आणखी चांगले. आजार परतला तर दुसरे औषधसंच आणि स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हा मार्ग आहे. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. त्याच रुग्णालयाने आयआयटी मुंबईबरोबर घडवलेल्या ‘नेक्सकार १९’ या कार-टी पेशींच्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. खर्च परदेशातल्या अशा उपचाराच्या सुमारे दशांश आहे. शेतकरी कुटुंबाला तोही डोंगराएवढाच.

उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पेट-सीटी करतात. मणक्यातला बिघाड एमआरआयवर कित्येक महिने दिसत राहतो, हाड भरून यायला वेळ लागतो. तो डाग म्हणजे उरलेला आजार समजून पुन्हा औषधे सुरू करायची घाई करू नये, संशय असेल तर पुन्हा तुकडा घ्यावा. आजार परतायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या रुग्णाच्या हृदयाची आणि स्क्रू-रॉड बसवलेल्या कण्याची तपासणी त्यानंतरही चालू ठेवावी लागते.